‘आउट ऑफ रेंज’ आले म्हणून गेमचा बोर्ड भंगारात घालू नका

प्रति,
मा. संपादक,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : जुन्या व्हिडिओ गेम मशिनींना एलसीडी मॉनिटर जोडण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जत्रांचा हंगाम आला की गोदामात पडून असलेल्या व्हिडिओ गेमच्या मशिनी बाहेर निघतात. माळेगावचा खंडोबा असो, औंढ्याची शिवरात्र असो की पैठणची नाथषष्ठी, तंबूत ‘मुस्तफा’ची मशीन दिसली की पोरे अजूनही थांबतात. यातल्या बऱ्याच मशिनी बाद होतात त्या एकाच कारणाने. पिक्चर ट्यूब किंवा एलओटी (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) जाते, बदली मिळत नाही. मालक एखाद्या कचेरीतून निघालेला जुना एलसीडी मॉनिटर आणून जोडतो, पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी पट्टी फिरते आणि ‘बोर्डच गेला’ असे समजून सगळे किलोच्या भावाने विकले जाते. बोर्ड मात्र ठणठणीत असतो. आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेले टीव्ही मेकॅनिक आणि मशीनमालक यांना उपयोग व्हावा म्हणून या दुखण्याचे कारण आणि उपाय सविस्तर लिहीत आहे.

पडद्यावर चित्र एकेका आडव्या ओळीने रंगवले जाते. जुने गेम बोर्ड एका चित्रात साधारण २६२ ओळी आणि सेकंदाला जवळपास ६० चित्रे पाठवतात. गुणाकार केला की सेकंदाला १५,७२० ओळी होतात, म्हणजे सुमारे १५.७ किलोहर्ट्झ. आपला जुना रंगीत टीव्ही पाल पद्धतीचा, त्याची ओळींची गती १५.६२५ किलोहर्ट्झ. दोन्ही आकडे इतके जवळ असल्यामुळेच इथल्या कारागिरांना साध्या टीव्हीची ट्यूब आणि चॅसिस (ट्यूब चालवणारे सर्किट) गेमला लावता येत होती. संगणकाचा व्हीजीए मॉनिटर मात्र ३१.५ किलोहर्ट्झपासून सुरू होतो, बरोबर दुपटीपासून. बहुतेक एलसीडीच्या माहितीपत्रकात आडवी फ्रिक्वेन्सी ‘३० ते ८१’ किंवा ‘३१ ते ८३ किलोहर्ट्झ’ अशी छापलेली असते. १५.७ त्यात बसत नाही, म्हणून मॉनिटर चित्र नाकारतो. ट्रॅक्टरच्या ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) १००० फेऱ्यांचे अवजार जोडण्यासारखेच हे आहे. ट्रॅक्टरही चांगला, अवजारही चांगले, गती मात्र जुळत नाही.

म्हणून जुना मॉनिटर घेताना आकारापेक्षा आणि कंपनीपेक्षा आधी पाहायचा तो माहितीपत्रकातला हा एक आकडा. खालची मर्यादा १५ लिहिली असेल तर काम सोपे. २४ लिहिली असेल तर तो मधल्या फ्रिक्वेन्सीचे बोर्ड घेईल, उदाहरणार्थ सेगाचे मॉडेल २, पण नेहमीचे १५ चे घेईलच असे नाही. ‘मल्टिसिंक’ या नावावर भुलू नये. १९८५ च्या सुमारास या नावाचे ट्यूबचे मॉनिटर १५ किलोहर्ट्झपासून चालत; त्याच नावाच्या बहुतेक एलसीडींची मर्यादा ३१ च्या आसपास सुरू होते. कागदावर न लिहिताही १५ किलोहर्ट्झ स्वीकारणारे काही मॉनिटर असतात, कारण आतल्या चिपला ते जमते आणि कारखान्याने प्रोग्रॅममध्ये ते अडवलेले नसते. अमिगा संगणकाचे शौकीन अशांमध्ये बेनक्यूच्या बीएल७०२ए या १७ इंची मॉनिटरचे नाव नेहमी घेतात. तरीही मॉडेलच्या नावावर डोळे झाकून पैसे देऊ नयेत. त्याच नावाखाली कंपनी आतला बोर्ड बदलते आणि तोच मॉनिटर एका खेपेला चालतो, दुसऱ्या खेपेला नाही.

दुकानातच तपासणी करता येते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला व्हीजीए६६६ हे रेझिस्टन्सचे छोटे कार्ड लावले की त्यातून हवी ती फ्रिक्वेन्सी काढता येते. ३२० बाय २४० चे चित्र, पिक्सेल क्लॉक ६.४ मेगाहर्ट्झ, एका ओळीत एकूण ४०८ पिक्सेल आणि एकूण २६२ ओळी ठेवल्या की १५.६९ किलोहर्ट्झ आणि ५९.९ हर्ट्झ मिळते. मोबाइलच्या पॉवर बँकेवर हे चालते, त्यामुळे भंगारवाल्याच्या ढिगापाशी उभे राहूनही दहा मॉनिटर तपासता येतात. चित्र आले तरी लगेच खूश होऊ नये. ते थरथरते का, मधून मधून काळे होते का आणि डावी-उजवीकडची कड कापली जाते का, हे पाच मिनिटे पाहावे. १५ किलोहर्ट्झ घेणारे काही मॉनिटर हे चित्र टीव्हीसारखे इंटरलेस (एकाआड एक ओळींचे) समजतात आणि प्रत्येक ओळ वर-खाली हलते. अशा पडद्यावर तासभर खेळणाऱ्याचे डोके दुखेल.

हाताशी संगणकाच्या मॉनिटरऐवजी जुना एलसीडी टीव्ही असेल तर वेगळा रस्ता आहे. टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला १५ किलोहर्ट्झच लागते. बोर्डाचे तीन रंग आणि सिंक (ओळ आणि चित्र कधी सुरू होते ते सांगणारा सिग्नल) एडी७२५ सारख्या एन्कोडर चिपमधून कंपोझिट, म्हणजे एकाच वायरीतला सिग्नल, करून तिथे देता येतात. गेम ६० हर्ट्झचा असल्यामुळे या चिपला एनटीएससीचा (अमेरिकी-जपानी टीव्ही पद्धतीचा) १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावावा, पालचा १७.७३४ चा लावला तर रंग बिघडण्याची शक्यता फार. चित्र येते, पण लाल रंग पसरतो आणि बारीक अक्षरांच्या कडेला ठिपके चालताना दिसतात. टीव्हीला हिरवा-निळा-लाल असे तीन कंपोनंट सॉकेट असतील तर आरजीबीचे (लाल-हिरवा-निळा या तीन रंगांच्या सिग्नलचे) कंपोनंट करणारा ट्रान्सकोडर लावावा, चित्र खूपच स्वच्छ मिळते. हे सॉकेट नव्या टीव्हींतून जवळजवळ गेले, म्हणून ज्यांच्याकडे असा जुना टीव्ही आहे त्यांनी तो जपून ठेवावा.

बाकी सगळ्यांसाठी उपाय म्हणजे मध्ये कन्व्हर्टर. बाजारात सर्रास मिळतो तो जीबीएस-८२०० नावाचा हिरवा बोर्ड. १५ किलोहर्ट्झचा आरजीबी सिग्नल घेऊन तो ६४० बाय ४८०, ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ असा व्हीजीए देतो. मग कोणताही साधा एलसीडी चालतो. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि ते गेमच्या सप्लायमधूनच देता येतात. वायर मात्र जाड घ्यावी, आणि कन्व्हर्टर जोडल्यावर गेम बोर्डाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून ४.९५ ते ५.१ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. सप्लायच्या टोकाला ५ आणि बोर्डावर ४.७ असे झाले की गेम अधूनमधून रीसेट होतो आणि दोष विनाकारण कन्व्हर्टरला दिला जातो.

आता जोडणी. बहुतेक मशिनींत जामा पद्धतीचा ५६ पिनांचा कनेक्टर असतो, प्रत्येक बाजूला २८, दोन पिनांतले अंतर ३.९६ मिलिमीटर. सुट्या भागांच्या बाजूला १२ नंबरवर लाल, १३ वर निळा, १४ वर व्हिडिओ ग्राउंड. सोल्डरच्या बाजूला १२ च्या बरोबर मागे हिरवा आणि १३ च्या मागे सिंक. या पाच वायरी कन्व्हर्टरला न्यायच्या. कन्व्हर्टरसोबत येणाऱ्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नये. बोर्डावर कनेक्टरशेजारी छापलेली अक्षरे वाचावीत. व्हिडिओ ग्राउंड म्हणून सप्लायचे ग्राउंड वापरले तरी चित्र येते, पण त्यात आडवे पट्टे सरकत राहतात. १४ नंबरची पिन त्यासाठीच दिलेली आहे.

खरी गफलत होते ती व्होल्टेजमध्ये, आणि यावरच थोडे जास्त लिहितो. मॉनिटरला आणि कन्व्हर्टरला प्रत्येक रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टचा लागतो, ७५ ओहमच्या भारावर. गेम बोर्ड मात्र ट्यूबच्या चॅसिससाठी बनवलेला, तो साधारण ३ व्होल्ट, काही बोर्ड तर ५ व्होल्टपर्यंत देतात. हे थेट दिले की पांढरे भाग फुटतात, चेहऱ्यावरच्या छटा गायब होतात, निळे आकाश पांढरट दिसते, आणि कन्व्हर्टरच्या इनपुट चिपवर कायमचा ताण येतो. म्हणून प्रत्येक रंगात एक रेझिस्टन्स सिरीजमध्ये घालायचा. हिशेब सोपा आहे. बोर्ड ३ व्होल्ट देत असेल तर २४० ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स आणि पुढचे ७५ ओहम मिळून ०.७ व्होल्ट उरतात. २२० घातला तर ०.७६, २७० घातला तर ०.६५. बोर्ड ५ व्होल्ट देत असेल तर ४७० ओहम. पाव वॉटचे रेझिस्टन्स पुरतात.

प्रत्येक बोर्डाचा आतला रेझिस्टन्स वेगळा असल्यामुळे नेमका आकडा आधी सांगता येत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे प्रत्येक रंगाला १०० ओहमचा पक्का रेझिस्टन्स आणि त्याच्यापुढे ५०० ओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स). १०० चा यासाठी की प्रीसेट चुकून पूर्ण उघडला तरी सिग्नल थेट जाऊ नये. कन्व्हर्टरवरचे तीन छोटे प्रीसेट आधी सारख्याच जागी ठेवावेत आणि बाहेरचे तिन्ही पूर्ण बंद दिशेने. मग गेम टेस्ट मोडमध्ये टाकावा. जामाच्या सुट्या भागांच्या बाजूची १५ नंबरची पिन टेस्ट स्विचची. काही बोर्डांवर त्याऐवजी डिप स्विच असतो. टेस्टमध्ये रंगपट्ट्या आणि जाळी येते. पट्टीतली सगळ्यात उजळ आणि तिच्या शेजारची पायरी वेगळी दिसेल इतपतच प्रीसेट उघडावा. दोन्ही पायऱ्या एक झाल्या की सिग्नल जास्त झाला, मागे यावे. तिन्ही रंग असे लावले की पांढरी पट्टी आपोआप पांढरी दिसते. मल्टिमीटरने हे काम होत नाही, तो सरासरी दाखवतो; ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर रंगपट्टी आणि डोळे पुरेसे आहेत.

सिंकलाही हाच नियम. जामाचा सिंक कंपोझिट असतो, म्हणजे आडवा आणि उभा एकाच वायरीत, आणि तो जवळजवळ ५ व्होल्टचा. ७५ ओहमच्या इनपुटला देताना सिरीजमध्ये ४७० ओहम घातला की ०.७ व्होल्टच्या आसपास येतो. १५ किलोहर्ट्झ स्वतःच घेणाऱ्या मॉनिटरला व्हीजीएने जोडताना वेगळी अडचण येते. त्याला आडवा सिंक १३ नंबरच्या पिनवर आणि उभा १४ वर असे दोन हवे असतात. काही मॉनिटर १३ वर कंपोझिट सिंक दिला तरी समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी एलएम१८८१ ही आठ पायांची चिप वापरावी. ५ व्होल्ट ८ नंबरला, ग्राउंड ४ ला, ४७० आणि ७५ ओहमने असाच कमी केलेला सिंक ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून २ नंबरला, ६ नंबरपासून ग्राउंडला ६८० किलोओहम आणि त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोफॅरड. मग १ नंबरमधून निघालेला कंपोझिट सिंक व्हीजीएच्या १३ ला आणि ३ नंबरमधला उभा सिंक १४ ला. लाल, हिरवा, निळा व्हीजीएच्या १, २, ३ वर आणि त्यांचे ग्राउंड ६, ७, ८ वर. रंगांतले रेझिस्टन्स इथेही लागतातच.

जोडल्यावर काय बिघडले हे चित्रच सांगते. चित्र वर-खाली फिरत असेल तर उभा सिंक पोहोचत नाही. तिरप्या रेघा पडून चित्र फाटत असेल तर आडवा सिंक बिघडला, बहुधा पातळी चुकली किंवा ग्राउंड सुटले. नुसता वरचा भाग एका बाजूला वाकत असेल तर त्या बोर्डाचा सिंक उभ्या सिंकच्या काळात नीट चालत नाही. ट्यूबला ते चालून जायचे, एलसीडीला नाही. एक रंग गायब असेल तर कन्व्हर्टरला हात लावण्याआधी गेम बोर्डाची सोनेरी कड खोडरबराने पुसावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावी. जत्रेच्या धुळीत हा दोष सगळ्यात जास्त वेळा तिथेच निघतो. अक्षरांवर उभे धूसर पट्टे दिसत असतील तर मॉनिटरच्या मेन्यूत आधी क्लॉक आणि मग फेज फिरवावे, या क्रमानेच. आधी फेज फिरवत बसले तर ते कधीच जुळत नाही.

जीबीएस-८२०० चे दोष न सांगता त्याची शिफारस करणे बरोबर होणार नाही. तो २४० ओळींचे चित्र इंटरलेस समजून त्यावर प्रक्रिया करतो, त्यामुळे पळणाऱ्या आकृत्यांच्या कडा दातेरी होतात. तो चित्र साठवून मग पाठवतो, म्हणून बटण दाबणे आणि ठोसा दिसणे यांत अंतर पडते. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचे, दोन-तीन चित्रांचा उशीर झाला तर ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळणाऱ्या सरावाच्या पोराच्या तो लगेच लक्षात येतो. यावर ‘जीबीएस कंट्रोल’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. ईएसपी८२६६ चे छोटे वाय-फाय मॉड्यूल घ्यायचे, त्याचा डी१ बोर्डाच्या एससीएलला, डी२ एसडीएला, डी६ डीबग पिनेला जोडायचा आणि बोर्डावरच्या पी८ या कनेक्टरवर जंपर टाकून मूळ कंट्रोलर बंद करायचा. मग सगळी सेटिंग मोबाइलवरून होते, २४० ओळींचे चित्र २४० म्हणूनच धरले जाते आणि उशीर बराच कमी होतो. सोल्डरिंगचा हात चांगला असलेल्या कोणत्याही टीव्ही मेकॅनिकला हे काम अवघड नाही.

दुसरा कन्व्हर्टर ओएसएससी. तो चित्र साठवत नाही, प्रत्येक ओळ आली की तीच दोनदा ते पाचदा पाठवतो, म्हणून उशीर नाहीच म्हटले तरी चालेल. किमतीला तो जीबीएसच्या कितीतरी पट आहे. आणि त्याची एक अट आहे. गेम सेकंदाला जितकी चित्रे देतो तितकीच तो पुढे देतो, आणि जुने गेम बरोबर ६० चे क्वचितच असतात. ‘मुस्तफा’ ज्या कॅपकॉमच्या सीपीएस-१ जातीच्या बोर्डावर चालतो तो ५९.६४ हर्ट्झचा, निओ जिओ ५९.१९ चा, ‘पॅक-मॅन’ ६०.६ चा. हे एलसीडी सहसा चालवून घेतो. पण ‘आर-टाइप’ ५५ हर्ट्झचा आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ५४.७ चा, पुष्कळ मॉनिटरची उभी मर्यादा ५६ पासून सुरू होते आणि तिथे पुन्हा ‘आउट ऑफ रेंज’ दिसते. अशा गेमला ५० हर्ट्झ घेणारा टीव्ही किंवा मॉनिटर पाहावा. साधा जीबीएस नेहमी ६० देतो, त्यामुळे चित्र येते खरे, पण ५५ चा गेम असला की सेकंदाला पाच चित्रे दोनदा दाखवली जातात आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळते. निओ जिओवर हा धक्का साधारण सव्वा सेकंदाला एकदा, सीपीएस-१ वर पावणेतीन सेकंदांना एकदा. जत्रेतल्या गिऱ्हाइकाला तो जाणवत नाही.

मॉनिटरचा आकार निवडताना जुन्या ट्यूबचे ४:३ हे प्रमाण लक्षात ठेवावे. कचेऱ्यांतून निघणारे १७ आणि १९ इंची चौकोनी एलसीडी ५:४ चे, १२८० बाय १०२४ असतात. त्यावर चित्र पूर्ण पसरवले तर माणसे पावणेसात टक्क्यांनी उंच दिसतात. १९ इंचीची रुंदी ३७६ मिलिमीटर असते. चित्राची उंची २८२ ठेवली आणि वर-खाली नऊ-दहा मिलिमीटर काळे सोडले की प्रमाण बरोबर होते. ४:३ चा २० इंची १६०० बाय १२०० मिळाला तर सोडू नये, कारण २४० ची पाचपट बरोबर १२०० होते आणि प्रत्येक ओळ सारख्या जाडीची दिसते. रुंद टीव्ही-मॉनिटरवर तेवढेच चित्र हवे असेल तर २४ इंची लागतो, आणि तो बहुतेक कॅबिनेटच्या आत मावत नाही. ‘पॅक-मॅन’सारख्या उभ्या पडद्याच्या गेमसाठी मॉनिटर उभा फिरवून लावावा लागतो, मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरचे चार स्क्रू असतात. तिथे टीएन जातीचा पॅनेल टाळावा. फिरवल्यावर त्याचा कमजोर कोन डावी-उजवीकडे येतो आणि बाजूला उभ्या माणसाला रंग उलटे दिसतात. आयपीएस पॅनेल घ्यावा.

बंदुकीच्या गेमबद्दल एकच गोष्ट. पडद्यावरचा प्रकाश टिपणारी लाइट गन एलसीडीवर चालत नाही, कारण ती ट्यूबमधल्या किरणाच्या वेळेवर नेम ओळखते. ‘ऑपरेशन वुल्फ’सारख्या मशीनवर बसवलेल्या बंदुकीत मात्र पोटेन्शिओमीटर असतात, ती चालते.

आपल्याकडच्या विजेचा आणि उन्हाचा विचार करूनच मॉनिटर घ्यावा. चालू मॉनिटरची पिन उपसून पुन्हा लावावी. तो स्वतःहून सुरू झाला तरच कॅबिनेटसाठी घ्यावा, नाहीतर प्रत्येक वेळी वीज गेली की मागचे दार उघडून बटण दाबावे लागेल. इनपुट ‘ऑटो’वर न ठेवता व्हीजीएवर पक्के करावे. माहितीपत्रकात चालण्याचे कमाल तापमान बहुधा ३५ किंवा ४० अंश लिहिलेले असते, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला पत्र्याच्या तंबूत हवाच त्यापेक्षा गरम असते. कॅबिनेटला खाली आणि वर जाळी ठेवून वर १२ व्होल्टचा पंखा बसवावा, तो हवा बाहेर फेकेल असा. जत्रेत जनरेटरवर चालवताना अर्थिंगची सळई ओल्या मातीत ठोकावी; लोखंडी कॅबिनेटला हात लावून पोरे उभी असतात.

हे सगळे करण्याआधी जुनी ट्यूब काढावी लागते आणि तिथे घाई जिवावर बेतू शकते. मशीन बंद केल्यावरही ट्यूबच्या वरच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट साठून राहतात. चालू ट्यूबमध्ये तिथे २० हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त असतात. इन्सुलेटेड पेचकसाला वायर बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या मागच्या उघड्या ग्राउंड पट्टीला अडकवावे आणि एक हात खिशात ठेवून पेचकसाचे टोक टोपीखाली सरकवावे. थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा करावे, कारण काचेत उरलेला चार्ज परत येतो. चॅसिसच्या मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्टपर्यंत असतात, तोही रिकामा करावा. एव्ही सॉकेट नसलेल्या जुन्या टीव्हीची चॅसिस लावलेली असेल तर ती थेट मेन्सशी जोडलेली असण्याची दाट शक्यता; गेमचा प्लग काढल्याशिवाय तिच्या ग्राउंडला स्पर्शही करू नये. मानेकडून ट्यूब कधीच उचलू नये.

या कामासाठी लागणारे हात मराठवाड्यात आहेत. चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत होते त्या काळापासून ट्यूब आणि चॅसिस ओळखणारे कारागीर या भागात आहेत, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत जुन्या सीएनसी मशिनींच्या विझलेल्या पडद्यांनाही याच जातीचा कन्व्हर्टर लागतो. त्यांतले पुष्कळ पडदे १५ किलोहर्ट्झच्याच घरातले आहेत. रेझिस्टन्सचा हिशेब आणि सिंकची जोडणी तिथेही हीच. फक्त जुन्या सीजीए पद्धतीच्या पडद्यांचे रंग डिजिटल, म्हणजे पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, असतात आणि त्यात उजळपणाची चौथी वायर असते. ती रंगांच्या वायरींत वेगळ्या रेझिस्टन्समधून मिसळावी लागते.

काढलेली ट्यूब फोडून योकमधले (ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्यातले) तांबे काढण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तिच्या मागच्या काचेत शिसे असते आणि ते मुलांच्या खेळण्याच्या जागेतल्या मातीत जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच ती द्यावी. ट्यूब चांगली असून फक्त चॅसिस गेली असेल तर ती फेकूही नये. योकसह गोणपाटात गुंडाळून, पडदा खाली करून ठेवावी आणि तिच्यावर इंच व ट्यूबचा नंबर लिहावा. बिघडलेल्या चॅसिसवरचा एलओटीचा नंबरही त्याच चिठ्ठीवर उतरवावा. ट्यूबवरच चालणाऱ्या लाइट गनच्या मशिनीला असे जोड लागतात.

आपला विश्वासू,
व्हिडिओ गेम आणि टीव्ही दुरुस्ती करणारा एक वाचक,
परभणी